ठोकळे जागच्या जागी होते

आधीच सांगून टाकते, या सदरातले बहुतेक अनुभव वाचून मला हसू येतं. पांढरी साडी, पैंजण, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... एक जण लिहितो, बाकीचे खाली 'बापरे, काटा आला' म्हणतात. मी एका इन्शुरन्स कंपनीसाठी गाड्यांचे क्लेम तपासते. म्हणजे लोक दिवसभर माझ्याशी खोटं बोलतात आणि ते ऐकून घ्यायचा मला पगार मिळतो. 'मॅडम, गाडी नुसती उभी होती, आपोआप गेली.' 'मॅडम, ब्रेक लागलाच नाही, आईशप्पथ.' अशांना माझं उत्तर ठरलेलं आहे — गाड्या आपोआप काही करत नाहीत, चालवणारे करतात. तेव्हा खालचं सगळं लिहिताना मला माझाच राग येतोय, हे लक्षात ठेवून वाचा. आणि कृपा करून कमेंटमध्ये लिंबू-मिरचीचे सल्ले देऊ नका.

माझं माहेर दिवा स्टेशनजवळच्या एका गावात. गाव म्हणायचं ते आता फक्त आम्ही. इतरांना तिथे एकमेकींना चिकटलेल्या बिल्डिंगा आणि त्यांच्याखाली उभे पाण्याचे टँकर दिसतात. आमची भातशेती होती, थोडं मिठागर होतं. ते गेलं आणि घरी आला तीन मजली बंगला, समोर पेव्हर ब्लॉकचं अंगण, आणि माझ्या धाकट्या भावाची, विकीची, गाडी. मी लग्न होऊन डोंबिवलीत. नवरा मूळ रत्नागिरीचा, शांत माणूस. माझ्या माहेरच्या भांडणात तो चहा पितो आणि मोबाईल बघतो.

गाडी म्हणजे परदेशी कंपनीची ती भलीमोठी ऑफ-रोडर. डोंगरदऱ्यांत चालवायची, पण आमच्याकडे ती हळदी आणि वाढदिवसांना चालते. काळी कुळकुळीत. अशा गाड्यांना स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात — एअर सस्पेन्शन. तुम्ही उतरायला-चढायला दार उघडलंत की गाडी हवा सोडून खाली येते, तुम्ही बसलात की परत वर उठते. बाकी कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. आईला होतं.

आई धवलारीण आहे. आमच्याकडे जुन्या रीतीने लग्न लावतं ते धवलारणीने — पोथी नाही, सगळे विधी गाण्यातून. वडील गेल्यावर आईला त्या मानानेच उभं ठेवलं. कळव्यापासून कल्याणपर्यंतच्या गावांतून तिला बोलावणी यायची. पण गुडघे पार गेलेले, रिक्षात बसणंसुद्धा जिवावर यायचं. ही गाडी आली त्या दिवशी तिने तांब्यातून चारही चाकांवर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं. आमच्यात नव्या चाकांना पहिलं पाणी घरातल्या थोरल्या बाईचं, मगच गाडी दाराबाहेर. पूर्वी बैलगाडीला होतं, आता हिला. मग विकीने मागचं डावं दार उघडलं, गाडी फुस्स करत खाली आली, आणि आई हातातला तांब्या तसाच धरून बघत राहिली.

"बघ, बसली," मला म्हणाली. "म्हईस बसते तशी बसली. शानी हाय."

तेव्हापासून लग्नघरी पोचली की गाडी दाराशी थांबायची, खाली बसायची आणि आई राणीसारखी उतरायची. मला हे सगळं दिखाऊ वाटायचं, पण तिचा चेहरा बघून गप्प बसायचे.

मग विकीच्या डोक्यात चाकं शिरली. आमच्या चुलत्याच्या मुलाने त्याच्या गाडीला मोठे रिम टाकले होते, म्हणून याला त्याहून मोठे हवे. कल्याण-शीळ रोडवरच्या एका दुकानात जाऊन आला. मला फोटो पाठवला — काळे रिम, त्यावर दगडी जात्यासारखे जाड मड टायर. मी फोन केला आणि जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तांत्रिक भाग तेवढा सांगते. टायर एवढा मोठा घेतला की गाडी खाली येताना तो वरच्या मडगार्डला घासतो, आतलं अस्तर फाडतो. म्हणून दुकानदाराने गाडी कायमची उंच करून दिली आणि खाली बसण्याची सोय लॅपटॉप लावून बंद करून टाकली. पाय ठेवायच्या पट्ट्याही काढल्या, का तर 'रफ लूक' येत नाही.

"आई कशी चढणार?" मी विचारलं.

"ताई, आईला वर्षातनं किती लग्नं असतात आता? रिक्षा आहेत ना."

"तिच्या गुडघ्यांचं—"

"अगं, तिला बोलवतंय कोण! डीजे लावला, भटजी आला, झालं लग्न. उगाच सेंटी नको मारूस."

फोन स्पीकरवर होता आणि आई तिथेच होती, हे मला नंतर कळलं.

नवी चाकं घरी आली तेव्हा विकीने फटाके लावले, मित्र जमवले. पाणी? ते राहिलंच. दुकानात कुणीतरी नारळ फोडला होता, तेवढं त्याला पुरलं. 'गाडी तीच आहे ना,' म्हणाला. आई ओट्यावरून म्हणाली, "गारी तीच, चाका नवी. या चाकांना पानी कोनी घातलाय?" माझ्या आयुष्यात मी आईला इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं, आणि ती आवाज चढवून चिडत नाही. ती नुसती बघणं सोडते.

त्यानंतर कळव्याला एका हळदीला जायचं होतं. विकीला चारचौघांत गाडी दाखवायची होती, म्हणून आईला घेतलं. घरून चढताना त्याने आणि वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तिला अक्षरशः उचलून आत टाकलं. उतरताना विकी मित्रांत गेला, वहिनीने एक प्लास्टिकचं स्टूल लावलं. आईने त्यावर पाय टेकला, स्टूल सरकलं, आणि माझी सत्तरीची आई, हिरव्या नऊवारीत, मांडवाच्या दारात गाडीच्या दरवाजाला लोंबकळत राहिली. कुणीतरी व्हिडिओ काढला. मागे हसण्याचा आवाज येतो त्यात. मी तो बघितलाय आणि त्यातला एक हसणारा आवाज विकीचा आहे.

आईने त्या दिवशी एकही गाणं म्हटलं नाही. रिक्षाने एकटी घरी आली. विकीला इतकंच म्हणाली, "मना नाय बसाचा तुज्या गारीन. मेली तरी नाय."

आता इथून पुढे ते सुरू होतं ज्यासाठी मी लिहायला बसले.

काही दिवसांनी विकीचा फोन. गाडी अंगणात उभी असताना आपोआप खाली बसते. पूर्ण नाही, फक्त मागची डावी बाजू. टायर मडगार्डमध्ये जाऊन घासतो आणि गाडी हलत नाही. मी मनापासून खूश झाले. म्हटलं, दुकानदाराने फसवलंय तुला, हवेची पिशवी लीक असेल. दुकानदाराने गाडी नेली, पिशव्या तपासल्या, साबणाचं पाणी मारून बघितलं. एकही बुडबुडा नाही. दिली परत. पुन्हा तेच. मग वहिनीने माझ्या डोक्यात एक गोष्ट घातली, जी मी तेव्हा उडवून लावली — गाडी बसते ती फक्त आई ओट्यावर येऊन बसली की. आई आली, गाडी खाली. आई तोंड फिरवून आत गेली की गाडी वर.

"मग आईच्या खिशात रिमोट असेल," मी म्हणाले.

विकीला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली शहाणपणाची. दुकानदाराकडून गाडीच्या चारही कोपऱ्यांत, चाकाच्या वरती, कडक रबराचे जाड ठोकळे बसवून घेतले. कळायला सोपं आहे — उघड्या दाराखाली वीट ठेवली की दार लागत नाही, तसं. पिशवीतली सगळी हवा गेली तरी गाडी त्या ठोकळ्यावर टेकणार, त्याखाली जाऊच शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याने पलीकडच्या पाड्यातून एक भगत आणला. त्याला विचारलं, आईने गाडीवर काही केलंय का. स्वतःच्या आईवर, बाराशे गाणी तोंडपाठ असलेल्या बाईवर, करणीचा आरोप! भगत बिचारा आईला ओळखत होता, तो तिच्या पाया पडून निघून गेला. पण विकीचं ठरलं होतं. टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये त्याचा एक रिकामा फ्लॅट होता. आईला तिकडे ठेवायचं. 'हवा चांगली आहे, गणपतीचं मंदिर जवळ आहे,' वगैरे. ज्या बाईने जन्म त्या गावात काढला, जिच्या हाताने अर्ध्या गावाची लग्नं लागली, तिला सातव्या मजल्यावर, जिथे शेजारचा कोण तेही माहीत नाही तिथे, एकटीला. कारण काय, तर गाडीचा टायर घासतो.

तो रविवार होता, दुपारची वेळ. मी डोंबिवलीहून भांडायच्या तयारीनेच गेलेले. आईच्या कपड्यांची बॅग गाडीच्या डिकीत चढलेली. आई ओट्यावर, भिंतीला पाठ टेकून.

"मी नाय जानार," तिचं एकच चाललेलं.

"आय, नाटक नको," विकी म्हणाला. "सामान गाडीतनं जाईल, तू हिच्याबरोबर रिक्षाने ये."

"अरे लाज वाटते का तुला?" मी ओरडले. "हे घर तिच्या जमिनीवर बांधलंस!"

"तू चूप बस ताई. तू डोंबिवलीत राहतेस. इथे रोज मी सहन करतोय. माझी पोरं घाबरतात तिला!"

तिला. स्वतःच्या आजीला. मी त्याच्या अंगावर धावूनच गेले असते, पण वहिनी किंचाळली. आई एका बाजूला कलंडली होती. चेहरा राखेसारखा, अंगावरून घामाच्या धारा, डावा हात उचलता येईना. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ते लोक निघाले, पण रेल्वे फाटकापाशी अडकले, कधी पोचतील सांगता येईना. रिक्षात आडवं कसं करणार? समोर होती ती गाडी. छातीएवढ्या उंचीवर सीट. पट्ट्या नाहीत. मी आणि विकीने आईला उचललं, पण आई अंगाने भरलेली बाई, आणि बेशुद्धीकडे झुकलेलं शरीर किती जड होतं ते ज्याने उचललंय त्यालाच कळेल. दाराच्या निम्म्यावर हात सुटायला लागले. विकी रडत शिव्या देत होता — दुकानदाराला, चाकांना, स्वतःला.

आणि गाडी खाली आली.

आवाज आला, तो जुना, फुस्स. सावकाश आली. आधी मागची डावी बाजू, मग सगळी. आत कुणी नव्हतं. किल्ली विकीच्या खिशात होती, इंजिन बंद. टायर मडगार्डमध्ये घुसताना प्लास्टिक चिरत गेल्याचा कर्र आवाज झाला आणि ती येतच राहिली, सीट माझ्या गुडघ्यापर्यंत आली. आईला आम्ही नुसतं सरकवलं. उचलावं लागलं नाही.

मी आईचं डोकं मांडीवर घेऊन आत. विकीने स्टार्टर मारला. गाडी जागची हलेना. चाकं मडगार्डमध्ये रुतलेली, रबर जळल्याचा वास. तो गिअर टाकतोय, शिव्या घालतोय, इंजिन ओरडतंय. "वर कर रे तिला!" मी बोंबलले. "होत नाही ताई, काहीच होत नाही!" मग तो बाहेर उतरला. ओट्याजवळ टँकरच्या पाण्याचं पिंप भरलेलं असतं. त्यातून बादली घेतली आणि एकेका चाकावर पाणी ओतत गेला. चारही चाकांवर. शेवटच्या चाकाशी तो खाली वाकला होता आणि मला त्याचा चेहरा दिसला नाही. नंतर म्हणाला, ओलं केल्यावर रबर सुटेल असं वाटलं म्हणून केलं. असेलही. अडीच टनांची गाडी ओल्या रबरावरून सुटून हातभर वर उठते का, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. ती उठली. मुंब्रा बायपासने आम्ही ठाण्याला हॉस्पिटलमध्ये पोचलो, आणि तिथे पोचल्यावर दाराशी ती परत बसली, स्ट्रेचरच्या उंचीला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

आता माझं काम. आई आयसीयूतून बाहेर आल्यावर मी गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली. त्या दुकानदाराकडे नाही, माझ्या ओळखीच्या कल्याणच्या माणसाकडे, जो माझ्याशी खोटं बोलायला घाबरतो. गाडी लिफ्टवर घेतली आणि मी स्वतः बॅटरी घेऊन खाली उभी राहिले. मडगार्डचं अस्तर चारही बाजूंनी फाटलेलं, त्यात ताज्या रबराच्या पट्ट्या चिकटलेल्या. म्हणजे गाडी बसली होती, मला भास झाला नव्हता. आणि ठोकळे? चारही ठोकळे जागच्या जागी होते. घट्ट आवळलेले, नटांवर दुकानदाराने मारलेली पिवळ्या रंगाची खूण तशीच, जराही हललेली नाही. त्यांच्यावर दाबाचा एक ओरखडासुद्धा नव्हता. मधे वीट असताना दार लागलं होतं आणि विटेला कळलंच नव्हतं. स्कॅनर लावला, खाली बसण्याची सोय बंदच दिसली. मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, क्लेम करणार असाल तर कारण काय लिहू?" मी म्हटलं, क्लेम करत नाहीये.

घरात सगळ्यांनी आपापला निष्कर्ष काढला. वहिनी म्हणते, आईची माया. शेवटी लेकाच्या गाडीत बसली ना, रागावली तरी आई ती आईच. विकीने टिटवाळ्याचं नाव पुन्हा काढलेलं नाही. बॅग त्यानेच डिकीतून काढून आईच्या खोलीत ठेवली. मलाही, खरं सांगायचं तर, वहिनीसारखंच काहीतरी मानायचं होतं. तेवढं तरी गोड असतं.

म्हणून आईला घरी आणल्यावर, ती उशीला टेकून बसलेली असताना, मी सरळ विचारलं. "आये, त्या दिवशी गाडी बसली ती तू बसवलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वेडी झालेय का, असं.

"मी?" म्हणाली. "मी तं आई एकविरेला सांगत व्हती, मना या गारीन घालू नको. मना हितंच, माज्या ओट्याव ने." मग म्हणाली, "तिना आयकला नाय."

राग तसाच होता. बाई मरायला तयार होती, त्या गाडीत बसायला नाही. मग गाडी कुणाच्या मर्जीने बसली? आईच्या नाही. विकीच्या हातात काही नव्हतं. माझा तर विश्वासच नाही. मी या प्रश्नावर जितकं डोकं घातलंय तितकं कुठल्याही क्लेमवर घातलं नसेल, आणि हाती शून्य आहे. तुमच्यापैकी कुणी सस्पेन्शनमधला जाणकार असेल तर लिहा. बाकीच्यांनी लिहू नका.

त्यानंतर गाडी एकदाही बसलेली नाही. विकीला म्हटलं, ती चाकं काढून कंपनीची बसव. म्हणाला, ताई, नटाला हात लावायची हिंमत नाही माझी.

डॉक्टरांनी बसून गायची परवानगी दिल्यावर आईला कल्याणजवळच्या एका गावचं बोलावणं आलं. विकी दार उघडून उभा राहिला, "आये, चल, मी उचलतो तुला, एकटा उचलतो," म्हणाला. आई त्याच्या बाजूने निघून गेली आणि मी आणलेल्या रिक्षात बसली, गुडघे धरत, कण्हत. मी तिच्या शेजारी. थोडं पुढे गेल्यावर मी मागे बघितलं तर ती प्रचंड काळी गाडी आमच्या मागे येत होती. आत एकटा विकी. रस्ता मोकळा होता, तरी ओव्हरटेक करत नव्हता. मागचे टेम्पोवाले हॉर्न मारून शिव्या घालत होते, आणि तो रिक्षाच्या वेगाने येत होता.

"आये, विकी मागून येतोय," मी म्हणाले.

"येव दे," ती म्हणाली. मागे वळली नाही. "रस्ता काय माजा हाय?"

मग पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "जरा हल्लू घे रं." गुडघ्यांसाठी म्हणाली की मागच्यासाठी, ते मी विचारलं नाही.